पाणी कार्बाइडवर की कार्बाइड पाण्यात? खाणीत, सायकलवर आणि शेतघरात जळलेला एकच दिवा

तांबट_आळी (धागाकर्ता)

कार्बाइड म्हटलं की आज डोळ्यांपुढे येतो तो बाहेरून पिवळाधमक आणि आतून कच्चा आंबा, नाहीतर गावातल्या गॅस वेल्डिंगवाल्याच्या दुकानातला उग्र वास. १९०० ते १९३० च्या दरम्यान मात्र याच राखाडी दगडावर अमेरिकेतले खाणकामगार, इंग्लंडातले सायकलस्वार आणि विजेच्या तारेपासून मैलोन्‌मैल लांब राहणारे शेतकरी उजेड करत होते. धंदे तीन, रासायनिक क्रिया एक. दिव्याची रचना मात्र तिघांची वेगळी, आणि त्या वेगळेपणामागची कारणं पाहण्यासारखी आहेत. म्हणून हा धागा.

आधी मूळ गोष्ट. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि मागे विरलेला चुना उरतो. हिशेब असा: ६४ ग्रॅम शुद्ध कार्बाइड आणि ३६ ग्रॅम पाणी यांपासून २६ ग्रॅम वायू आणि ७४ ग्रॅम चुना. बाजारातलं कार्बाइड शुद्ध नसतं, त्यामुळे किलोमागे २८० ते ३०० लिटर वायू धरायचा.

कार्बाइड आणि त्यापासून निघणारा वायू जर्मन रसायनज्ञ व्हलरने १८६२ मध्येच दाखवला होता, पण तो प्रयोगशाळेपुरता. १८९२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या स्प्रे या गावी थॉमस विलसन अॅल्युमिनियम स्वस्तात काढायच्या खटपटीत होता. त्याने चुना आणि डांबर विजेच्या भट्टीत तापवलं आणि हाती काळपट, ठिसूळ ढेप आली. ती पाण्यात टाकल्यावर वायू निघाला. तो हायड्रोजन असता तर ज्योत जवळजवळ दिसली नसती. इथे तर काजळीचा लोट उठला, म्हणजे वायूत कार्बन होता. कार्बाइडचा धंदा या काजळीतून उभा राहिला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्रेंच रसायनज्ञ मुआसाँनेही स्वतंत्रपणे कार्बाइड बनवलं.

या दिव्याची खरी गोम वायू तयार करण्यात नाही, तो *थांबवण्यात* आहे. रॉकेलचा दिवा वात खाली केली की मिटतो. इथे पाण्याची तोटी बंद केली तरी आधी पडलेलं पाणी कार्बाइडमध्ये मुरत राहतं आणि वायू येतच राहतो. खाण, सायकल आणि शेतघर या तिघांनी या एका अडचणीवर तीन उत्तरं काढली. जाणकारांनी आपापल्या भागाची भर घालावी.

---

फडकरी

चांगला विषय. एक शंका: तमाशाच्या फडावर, वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे ती गॅसबत्ती हीच का?

---

तांबट_आळी

@फडकरी, नाही. घोळ नावामुळे होतो. वरातीतली गॅसबत्ती म्हणजे पेट्रोमॅक्सच्या जातीची. तिच्यात रॉकेल असतं, पंप मारून दाब द्यायचा, रॉकेलची वाफ होते आणि ती जाळीच्या मेंटलवर जळते. कार्बाइडच्या दिव्यात पंपही नाही आणि मेंटलही नाही, उघडी ज्योत. जुन्या बाजारात ओळखायची खूण सोपी: एकावर एक दोन डबे, वरच्याला पाणी भरायचं झाकण, खालचा आट्यांवर फिरवून सुटणारा. असं असेल तर कार्बाइडचा.

गंमत म्हणजे दोन्ही दिव्यांशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे. मेंटल काढलं कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने. आणि खाणदिव्याच्या, उजेड समोर फेकणाऱ्या तबकडीत जे ‘चकमकी’चं चाक असतं त्यातला दगड खरी गारगोटी नसून लोखंड आणि सेरियमचा मिश्रधातू आहे. तोही त्याचाच, १९०३ चा.

---

खाणीतला_उंदीर

खाणीची बाजू मी मांडतो. न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक बाल्डविनला २८ ऑगस्ट १९०० रोजी ॲसिटिलीन दिव्याचं पेटंट मिळालं. टोपीला अडकवायच्या पुढच्या सगळ्या अमेरिकन दिव्यांचा वंश तिथून धरतात. नंतर जस्टराइट, ऑटो-लाइट, गाईज ड्रॉपर अशी नावं बाजारात आली. त्याआधी टोपीवर चहाच्या किटलीसारखा छोटा तेलदिवा असायचा, किंवा मेणबत्ती. त्यांच्यापुढे कार्बाइडचा उजेड कितीतरी पट जास्त, पांढरा, आणि मागे तबकडी असल्यामुळे समोर फेकला जाणारा.

आतली रचना: वर पाण्याची टाकी, तिच्या मधून खाली उतरणारी बारीक नळी, नळीत एक तार. टाकीच्या माथ्यावर दांडी, ती टप्प्याटप्प्याने सरकते. दांडी म्हणजे थेंबाची तोटी. खाली कार्बाइडचा डबा, दोघांमध्ये रबरी वॉशर. वायू वर जाताना फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चकतीतून गाळला जातो, म्हणजे चुन्याची भुकटी ज्योत निघते त्या टोकापर्यंत पोचत नाही. टोक शंखजिऱ्याच्या जातीच्या दगडाचं, भाजून कडक केलेलं. ज्वाळेने ते वितळत नाही की गंजत नाही.

पेटवायची पद्धत:

डबा *अर्धाच* भरायचा. पूर्ण भरला तर चुना फुगून पाण्याची नळी आणि फेल्ट दोन्ही दाबतो. खडे पाव इंचाच्या आतले. भुकटी घेतली तर एकदम भपका येतो, मोठी ढेकळं घेतली तर पाणी वरच्यावर ओघळून जातं. आटे आणि वॉशर पुसून डबा घट्ट बसवायचा, मग टाकीत पाणी. दांडी दोन-तीन टप्पे सरकवायची, काही सेकंदांत सुसू आवाज येतो. तळवा तबकडीवर झाकण्यासारखा धरून क्षणभर वायू साठू द्यायचा आणि हात झटक्यात बाजूला ओढत चकमकीचं चाक फिरवायचं. ‘पॉप’ आवाज होतो, ज्योत उभी राहते. मग दांडी मागे घेऊन ज्योत बोटाच्या एक-दोन पेरांएवढी ठेवायची.

साधारण दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम कार्बाइड चारेक तास पुरतं. पाणी मधे एकदा भरावं लागतं. म्हणून एका पाळीला खिशात कार्बाइडची जादा डबी लागायचीच.

बिघाडाचं म्हणाल तर ज्योतच सांगते. निळी, बारीक होऊन मिटली तर पाणी संपलं, किंवा टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि थेंब अडतो. ज्योत टोकापासून सुटून फुरफुरते म्हणजे पाणी जास्त. उचक्या देते म्हणजे फेल्ट ओलं झालंय किंवा वायूच्या नळीत पाणी साचलंय. टाकीतून बुडबुडे येत असतील तर टोक बुजलंय आणि वायू उलटा पाण्याच्या नळीने वर चढतोय. आणि दोन डब्यांच्या सांध्यावर जळायला लागलं तर वॉशर गेला. हे सर्वांत वाईट. तोंडाने फुंकत बसू नका, दिवा खाली ठेवा, पाणी बंद करा.

---

रातकिडा

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

एक ऐकलेलं: दिवा मंद झाला की कामगारांना कळायचं की हवा खराब आहे, म्हणून हा दिवा एक प्रकारे सुरक्षितच होता. खरं आहे का?

---

खाणीतला_उंदीर

@रातकिडा, उलट आहे. प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते, म्हणून ती इशारा देते. ॲसिटिलीनची ज्योत बारा-तेरा टक्क्यांपर्यंत तग धरते. म्हणजे ती विझेपर्यंत माणूस आधीच चक्कर येऊन बसलेला असतो. इशारा म्हणून हा दिवा मेणबत्तीपेक्षा निकामी.

आणि मिथेनच्या खाणीत तर उघडी ज्योत म्हणजे आत्मघात. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की स्फोट. डेव्हीचा जाळीचा दिवा १८१५ पासून होता तो याचसाठी. तो मिणमिणता असल्यामुळे लोकांना नकोसा वाटायचा, हा भाग वेगळा. कार्बाइडचा दिवा टिकला तो धातूंच्या खाणींत आणि जिथे वायू नाही असं मानलं जाई अशा कोळशाच्या खाणींत. एडिसनचा कमरेला बॅटरी बांधायचा टोपीदिवा १९१५ च्या सुमारास आला आणि मिथेनच्या खाणींतून उघड्या ज्योतीला हटवू लागला.

उघड्या ज्योतीची भीती मिथेनपुरतीच नव्हती. १३ नोव्हेंबर १९०९ ला इलिनॉयमधल्या चेरीच्या कोळसाखाणीत आग लागून २५९ माणसं गेली. खाणीतली वीज बंद होती म्हणून रॉकेलचे टेंभे लावले होते, त्यातून खेचरांसाठी आणलेल्या गवताच्या गाडीने पेट घेतला. तिथे कार्बाइडचा संबंध नाही. पण खाणीत गवत होतं, लाकडी टेकू होते, आणि प्रत्येकाच्या कपाळावर उघडी ज्योत होती, हे चित्र डोळ्यांपुढे असू द्या.

---

दोनचाकी

सायकलवाल्यांची अडचण खाणवाल्यांपेक्षा वेगळी. खाणीत माणूस वाकतो, रांगतो, पण दिव्याला सतत हादरे बसत नाहीत. सायकलवर दगडी रस्त्याने जाताना प्रत्येक धक्क्याला थेंबाऐवजी पाण्याची पिचकारी उडते. परिणाम: चढाला हळू जाताना उजेड कमी, उताराला भडका.

यावर दोन उपाय झाले. पहिला, थेंबासाठी टप्प्यांची दांडी न वापरता बारीक आट्यांचा सुईसारखा व्हॉल्व्ह वापरणं, म्हणजे पाव फेऱ्यानेही फरक पडतो आणि हादऱ्याने तो आपोआप फिरत नाही. दुसरा, दिवा सायकलला थेट न जोडता स्प्रिंग असलेल्या समांतर पट्ट्यांवर लटकवणं. जुन्या दिव्याच्या पाठीमागे चार खिळ्यांवर झुलणारी चौकट दिसते ती हीच. पुष्कळ लोक ती ‘वाकडी झालीय’ म्हणून डाख (सोल्डर) देऊन पक्की करतात. करू नका.

बर्नरही वेगळा. खाणदिव्याला एकच छिद्र आणि टोकदार ज्योत. सायकलला बहुधा दोन शिंगांचा बर्नर, दोन बारीक धारा समोरासमोर आदळतात आणि माशाच्या शेपटीसारखी चपटी ज्योत होते. पुढे भिंगाची काच, बाजूला लहान रंगीत काचा, उजवीकडे हिरवी आणि डावीकडे लाल, जहाजाच्या दिव्यांसारख्या. बर्मिंगहॅमच्या ल्यूकसचे आणि पॉवेल अँड हॅन्मरचे दिवे, अमेरिकेतल्या केनोशाच्या बॅजर ब्रास कंपनीचे ‘सोलर’ हे नेहमी सापडणारे.

धागाकर्त्याने म्हटलेली ‘थांबवायची’ अडचण सायकलस्वार कशी सोडवत? सोडवत नसत, चुकवत. मुक्कामाला पोचायच्या दहाएक मिनिटं आधी पाणी बंद करायचं, म्हणजे उरलेला वायू रस्त्यातच जळून जातो. हे विसरून दिवा तसाच घरात नेला की रात्रभर खोलीत लसणासारखा वास. (शुद्ध ॲसिटिलीनला वास जवळजवळ नसतो. हा वास कार्बाइडमधल्या फॉस्फरसच्या भेसळीतून येणाऱ्या फॉस्फीनचा.) आणि दुसऱ्या दिवशी डब्यात चुन्याचा दगड झालेला, खरवडून काढावा लागणारा.

मोटारसायकलवर दिव्यापासून वेगळी टाकी फ्रेमला बांधत आणि रबरी नळीने वायू पुढच्या-मागच्या दिव्यांना नेत. तिथे नेहमीची तक्रार म्हणजे दिवा पापण्या मिटल्यासारखा उघडझाप करणं. कारण नळीच्या खोलगट भागात वाफेचं पाणी साचतं. नळी सोडून झटकली की काम होतं. ती बसवतानाच सगळीकडून टाकीकडे उताराची ठेवली तर पाणी आपोआप परत जातं.

१९०४ पासून इंडियानापोलिसच्या प्रेस्ट-ओ-लाइटने ॲसिटोनमध्ये विरघळवलेला वायू सिलिंडरमध्ये भरून द्यायला सुरुवात केली. सच्छिद्र पदार्थाने भरलेला सिलिंडर, त्यात ॲसिटोन, त्यात वायू. चावी बंद की वायू बंद. थांबवायचा प्रश्न मिटला, पण सिलिंडर बदलून देणारं दुकान रस्त्यात हवं.

---

बांधावरचा

दोन्ही प्रतिसाद उत्तम. शेतघराचं मी लिहितो, कारण तिथे रचना अगदी उलटी झाली.

टोपीदिवा आणि सायकलदिवा दोन्हींत *पाणी कार्बाइडवर* पडतं. शेतघराच्या यंत्रात *कार्बाइड पाण्यात* पडतं. वर हवाबंद डब्यात खडे, खाली पाण्याने भरलेली मोठी टाकी. वायू साठवायला पाण्यावर पालथी तरंगणारी घंटा. वायू वापरला की घंटा खाली बसते, बसताना एक दांडी ओढली जाते आणि मूठभर खडे पाण्यात पडतात. वायू झाला, घंटा वर उचलली, खडे पडायचे थांबले. माणसाने हात लावायची गरज नाही. पडलेले खडे पाण्यात पूर्ण बुडतात, काही मिनिटांत संपतात, आणि जो वायू जादा येतो तो घंटेत मावतो. आपल्याकडची तरंगत्या टोपणाची गोबरगॅस टाकी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे लगेच कळेल.

यंत्र तळघरात किंवा अंगणात खड्ड्यात पुरलेलं. पुरायचं कारण थंडी: पाणी गोठलं की घर अंधारात. तिथून लोखंडी पाइप खोल्याखोल्यांत आणि गोठ्यातही. ‘कोल्ट’ आणि ‘पायलट’ या नावाची यंत्रं शेतीच्या मासिकांत जाहिरात करून विकली जात. (हे कोल्ट म्हणजे पिस्तूलवाले नव्हेत.)

खर्चाचा हिशेब असा. तेव्हाचा नेहमीचा बर्नर तासाला अर्धा घनफूट, म्हणजे १४ लिटर वायू खायचा. एक किलो कार्बाइडचे २९० लिटर धरले तर एक बर्नर वीस तास. कार्बाइडचा १०० पौंडाचा पत्र्याचा डबा म्हणजे ४५ किलो, म्हणजे साधारण ९०० बर्नर-तास. संध्याकाळी तीन बर्नर तीन तास लावणाऱ्या घराला एक डबा शंभर दिवस. यंत्र विकणाऱ्यांचा जोर नेमका यावर असायचा, आणि तो खोटा नव्हता. न सांगितलेली गोष्ट म्हणजे गाळ उपसायचं काम.

१९१६ ला डेल्को-लाइटचा, पेट्रोल इंजिन आणि बॅटऱ्यांवर घरीच वीज करणारा संच आला, १९३५ ला अमेरिकन सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभी केली, आणि हे खड्डे बुजले.

---

चुनाभट्टी

@बांधावरचा, ‘कार्बाइड पाण्यात’ हा उलटा क्रम फक्त वायू थांबवण्यासाठी नव्हता. खरं कारण उष्णता.

एक किलो कार्बाइड पाण्याशी संयोग पावताना जवळपास २००० किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे पंचवीस अंशांचं सहा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. टोपीदिव्यात ५७ ग्रॅम चार तासांत जळतं, म्हणजे सात-आठ वॅट. डबा कोमट राहतो, इतकंच. पण तोच प्रकार पाच-दहा किलोच्या ढिगावर थेंब टाकून केला तर ढिगाच्या पोटात तापमान चढत जातं, आणि तापलेला ॲसिटिलीन स्वतःशीच जुळून डांबरासारखा होतो. मग ज्योत पिवळी पडते, काजळी धरते, बर्नर आठवड्याला बुजतो. तक्रार ‘कार्बाइड खराब’ अशी यायची. खराब असायचं यंत्र.

म्हणून जुना नियम: एका पौंडाला एक गॅलन पाणी. अमेरिकन गॅलन धरला तर किलोला ८.३ लिटर. हिशेब करून पाहा: २००० ला ८.३ आणि ४.१९ ने भागलं की तापमान वाढतं ५७ अंश. थंड पाण्यापासून सुरुवात केली तर उकळी कधीच येत नाही. नियम बनवणाऱ्याने अंदाजाने बनवलेला नाही.

आता तांब्याबद्दल, कारण जुने दिवे दुरुस्त करणारे नेमके इथे चुकतात. ओलसर ॲसिटिलीन तांब्याच्या संपर्कात राहिला की तांब्याचं ॲसिटिलाइड बनू शकतं. ते वाळल्यावर खरवडलं किंवा ठोकलं तरी उडतं. पितळ चालतं, तेही तांबं ६५-७० टक्क्यांच्या आत असेल तर. तेव्हा वायूच्या वाटेवर तांब्याची नळी घालू नका, टोकाचं छिद्र तांब्याच्या तारेने साफ करू नका. पोलादाची बारीक तार वापरा. चांदीचा डाखही नको, त्याच कारणाने. साधा शिसं-कथलाचा डाख चालतो, मात्र तो १८३ अंशांपासून मऊ पडायला लागतो, त्यामुळे ज्योतीजवळ नको.

गाळाचं: किलोभर कार्बाइडमागे दीड-दोन किलो ओला गाळ सहज. सुका धरला तर ७४ ला ६४ या प्रमाणात, म्हणजे शुद्ध मालाचा १.१६ किलो विरलेला चुना. भिंतींना सफेदी, आंबट जमिनीला चुना असा दुहेरी उपयोग करत. पण गाळ ताजा टाकायचा नाही. उघड्यावर पसरून, अधूनमधून हलवून, वास पूर्ण जाईपर्यंत ठेवायचा. आतला न विरलेला खडा नंतर वायू सोडत राहतो.

---

शेतकी_खातं

शेतीशी कार्बाइडचा मोठा संबंध दिव्यातून आलेला नाही, तो खतातून आला. त्याचा उल्लेख हवाच.

जर्मनीत अडॉल्फ फ्रांक आणि निकोडेम कारो यांनी १८९० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की कार्बाइडची पूड हजार-अकराशे अंशांवर नायट्रोजनमध्ये तापवली की कॅल्शियम सायनामाइड बनतं. हवेतला नत्र पिकाला देणारं हे कारखान्यातलं पहिल्या काही खतांपैकी एक. इटलीतल्या पियानो द’ओर्ता इथे १९०५ ला कारखाना, १९०८ ला नॉर्वेतल्या ओड्डाला, आणि अमेरिकन सायनामिड कंपनीने नायगाऱ्याच्या कॅनडाकडच्या बाजूला. सगळे धबधब्यांजवळ, कारण कार्बाइडची भट्टी दोन हजार अंशांवर चालते आणि ती वीज खाते.

काळपट पूड, बाजारी मालात नत्र २०-२२ टक्के, सोबत चुना. त्यामुळे आम्ल जमिनीला दुहेरी फायदा. पण वापर साधा नाही. ताजं सायनामाइड कोवळ्या रोपाला जाळतं. पेरणीच्या आधी एक-दोन आठवडे जमिनीत मिसळायचं, ओल असायला हवी, म्हणजे त्याचं युरियात आणि मग अमोनियात रूपांतर होतं. उभ्या पिकात फेकलं तर तण मरतं आणि पीकही. शेवटी तणनाशक म्हणूनही ते वापरलं गेलं हे ओघाने आलं.

आणखी एक: पूड उडते, अंगाला चावते. ती श्वासात गेलेल्या माणसाने त्या दिवशी दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, धडधड वाढते, श्वास लागतो. शरीरात दारूचं पुढचं विघटन अडतं म्हणून. दारू सोडवायच्या गोळ्यांमध्ये पुढे हाच गुण वापरला.

१९१३ ला जर्मनीतल्या ओपाऊला हाबर-बॉश पद्धतीचा (हवेतल्या नत्रापासून थेट अमोनिया बनवणारा) कारखाना सुरू झाला आणि हळूहळू सायनामाइड महाग ठरलं.

---

दोनचाकी

अवांतर: सायकल ते शेती हा प्रवास आपल्याकडेही झालाय. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात १८८८ ला बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर, १९१० ला किर्लोस्करवाडी. नांगराच्या फाळावर कोणीतरी वेगळा धागा काढा, इथे नको.

---

नवाभिडू

माझ्या शेतात वानरं फार. पाइपात कार्बाइड घालून आवाज करतात ती बंदूक याच तत्त्वावर ना? कृती देता येईल का?

---

चुनाभट्टी

तत्त्व तेच, कृती मिळणार नाही. हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात ॲसिटिलीन पेट घेतो, म्हणजे ‘प्रमाण चुकलं म्हणून वाजलं नाही’ असं होतच नाही. वाजलं नाही की माणूस आत डोकावतो, तेवढ्यात वाजतं. वर चुन्याची गरम भुकटी थेट डोळ्यात, आणि चुना डोळ्याचं बुबुळ जाळतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे अशाच कार्बाइडच्या बंदुकांनी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली ते सगळ्यांनी वाचलंय. डोळ्यात गेलंच तर चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्याने सलग पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

आंब्याचंही इथेच सांगून टाकतो. ॲसिटिलीन फळाला, ते स्वतः पिकताना सोडतं त्या इथिलीनसारखा भासतो म्हणून रंग येतो, पण कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. इथिलीनचा वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) चालतो.

---

मोडीवाला

जुन्या बाजारातून पितळी टोपीदिवा घेतलाय. दांडी हलते, पण पाणी खाली उतरत नाही. डब्यात आतून पांढरा दगडासारखा थर. चिंचेने घासू का? आणि पेटवता येईल का?

---

तांबट_आळी

@मोडीवाला, बाहेरून चिंच चालेल, आतून नको. चिंचेतल्या आम्लाचा चुन्याशी जो क्षार बनतो तो पाण्यात फारसा विरघळत नाही आणि बारीक नळीत जाऊन बसतो. लिंबाचंही तेच. आतून साधं पांढरं व्हिनेगर घ्या, चुना त्यात विरघळून वाहून जातो. त्याआधी एक खात्री हवी: डब्यात कार्बाइडचा जिवंत खडा उरलेला नाही ना. मोकळ्या अंगणात, आजूबाजूला बिडी-काडी नसताना, डबा बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवा. बुडबुडे आले तर ते थांबेपर्यंत. मगच व्हिनेगर, तेही दहा-पंधरा मिनिटं, नाहीतर पितळाचं तोंड उतरतं.

पाण्याच्या नळीतली तार दांडीसकट वर-खाली हलवून पाहा. अडली असेल तर जोर नको, नळी डाखापाशी सुटते. झाकणातलं हवेचं भोक सुईने मोकळं करा, निम्म्या दिव्यांत बिघाड तिथेच असतो.

---

खाणीतला_उंदीर

वॉशर जुना असेल तर तो बहुतेक लाकूड झालेला असणार. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी मोजून नायट्राइल रबराचा कापून घ्या. चामडं आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा तात्पुरता चालतो, पण ट्यूब पातळ म्हणून आटे पूर्ण बसल्यावरही गळते. फेल्टची चकती हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळते. फार घट्ट दाबलेली घेऊ नका, वायूच जाणार नाही.

गळती पाहायची ती ज्योतीने नाही. आधी कार्बाइड आणि पाणी न घालता डबा बसवून, टोक बोटाने बंद करून टाकीच्या झाकणातून फुंका आणि सांध्याला साबणाचा फेस लावा.

पेटवायचा तर उघड्यावर, आणि पहिल्या वेळी चमचाभरच कार्बाइड. डब्यातलं उरलेलं कार्बाइड ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवाल त्याचं झाकण लोखंडी छिन्नीने उचकटू नका. आत दमट हवेने थोडा वायू झालेलाच असतो आणि लोखंडावर लोखंडाची ठिणगी पुरते. पितळेची पट्टी घ्या. पेट घेतलाच तर पाणी नाही, कोरडी वाळू.

---

मोडीवाला

धन्यवाद दोघांना. थेंबांचा वेग किती असावा? दांडीच्या कितव्या टप्प्यावर?

---

चुनाभट्टी

टप्पे दिव्यागणिक बदलतात, मोजायचे ते थेंब. ५७ ग्रॅमला हिशेबाने ३२ मिलिलिटर पाणी लागतं. मिलिलिटरला वीस थेंब धरले तर चार तासांत ६४० थेंब, मिनिटाला जेमतेम तीन. प्रत्यक्षात काही पाणी वाफ होऊन जातं, काही चुन्यात अडकतं, म्हणून दुप्पट धरा. खालचा डबा काढून, टाकीत पाणी भरून, घड्याळ लावून थेंब मोजा. मिनिटाला सहाच्या आसपास पडतात तो टप्पा रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवा.

---

तांबट_आळी

आणि काम झाल्यावर डबा सोडवून धुवा, उन्हात वाळवा, वॉशर काढून वेगळा ठेवा. दोन्ही डबे आवळून ठेवले तर राहिलेला चुना आट्यांत दगड होतो, मग पाना लावल्याशिवाय सुटत नाहीत आणि पितळ चेपतं.